प्लेजरिझम सर्टिफिकेट मिळवताना : माझा अनुभव

पीएचडीचा प्रबंध लिहून झाला, मार्गदर्शक सरांनी होकार दिला, पूर्वसादरीकरणही पार पडलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते प्लेजरिझम सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे प्रबंधात वाङ्मयचौर्य नाही अशा विद्यापीठाच्या दाखल्याबद्दल, कारण ते हातात पडून बराच काळ लोटला तरी माझा राग काही गेलेला नाही.

माझा विषय वनस्पतिशास्त्राचा : सह्याद्रीतल्या कातळसड्यांवरच्या वनस्पती आणि तिथली माती. प्रबंध आधीच्या लिखाणाशी साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गेला आणि रिपोर्टच्या पहिल्याच पानावर साम्याचा ठळक आकडा आला, ३१ टक्के. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी तेवढंच पान पाहिलं. "मॅडम, दहाच्या आत आणा, मग सही मिळेल."

३१ टक्के म्हणजे मी नेमकं चोरलं काय, ते बघायला घरी येऊन सगळी रंगीत पानं काढली. पहिला मोठा लाल पट्टा होता संदर्भांच्या यादीवर. दुसरा वनस्पतींच्या शास्त्रीय नावांवर. तिसरा मातीतला सेंद्रिय कर्ब मोजायच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीवर. एक ग्रॅम माती, दहा मिली पोटॅशियम डायक्रोमेट, वीस मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, अर्धा तास थांबा. हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहायचं? आम्ल एकोणीस मिली घालू का?

आणि सगळ्यात मोठा वाटा माझ्याच दोन शोधनिबंधांचा! माझी नोंदणी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांखालची. त्यात प्रबंध देण्याआधी निदान एक शोधनिबंध छापून येणं आणि दोन परिषदांत सादरीकरण सक्तीचं होतं (२०२२ च्या नियमांनी ती छपाईची सक्ती काढली). म्हणजे आधी छापायला लावायचं, आणि छापलं की हे तर आधीच छापलेलं आहे म्हणून अडवायचं.

यूजीसीचे जुलै २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम मी छापून नेले. त्यात स्वच्छ लिहिलंय : संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, सर्वसाधारण संज्ञा, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं मोजायची नाहीत. योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडायचे. हे सगळं वगळून उरेल ते साम्य. ते दहापर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठला वर्षभर प्रबंध द्यायला बंदी, साठच्या वर नोंदणीच रद्द. गृहस्थांनी कागद हातातही घेतला नाही. "हे यूजीसीचं झालं. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक आणा."

परिपत्रक पीएचडी विभागात असतं म्हणे. पीएचडी विभाग म्हणाला, ते ग्रंथालयाचं काम. ग्रंथालयात आता दुसऱ्या मॅडम, त्यांना यातलं काहीच माहीत नाही आणि "साहेब मीटिंगला गेलेत". पुढच्या खेपेला साहेब होते, पण सर्व्हर बंद. स्वतःचे निबंध वगळायचे तर मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र लागतं एवढं कळलं, पण त्याचा नमुना कुणाकडेच नाही. तालुक्याच्या कॉलेजातून तास बुडवून, रजा टाकून एसटीने यायचं आणि हे ऐकून परत जायचं. यात कुणी माझ्या प्रबंधातलं एक वाक्य वाचून, हे उचललेलं वाटतं का, असं विचारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतलेला कोरा करकरीत प्रबंध याच खिडकीतून दोन मिनिटांत पास झाला असता, कारण तो कुठल्याच लेखाशी जुळला नसता.

गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे "प्लेजरिझम कमी करून मिळेल" अशी पाटीच होती. त्या वाटेला जाऊ नका. ती मंडळी मजकूर शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात. २०२१ मध्ये फ्रान्समधले गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच चमत्कारिक शब्दप्रयोगांवरून संशयास्पद निबंध हुडकून काढले. त्यात 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' (छातीवरचं संकट) झालं होतं. माझ्या सल्फ्युरिक आम्लाचं काय झालं असतं देव जाणे.

शेवटी तोंडी बोलणंच बंद केलं. कुलसचिवांच्या नावे अर्ज लिहिला : कोणत्या पानावरचं कोणतं साम्य, ते नियमानुसार का वगळावं, आणि वगळता येत नसेल तर कारण लेखी द्यावं. आवक विभागात दिला, पोचेवर शिक्का आणि क्रमांक घेतला. सरांनी साध्या लेटरहेडवर प्रमाणपत्र दिलं, सोबत दोन्ही निबंधांची पहिली पानं आणि डीओआय (निबंधाचा ऑनलाइन ओळखक्रमांक). "लेखी द्यावं" या दोन शब्दांनी काय जादू केली ठाऊक नाही, पण पुढच्याच आठवड्यात ग्रंथालयातून फोन आला, "मॅडम, तुमचं काम आहे ना ते?" नवा रिपोर्ट ६ टक्के. त्याच गृहस्थांनी सही केली आणि म्हणाले, "बघा, झालं की नाही!"

जाता जाता आठवतंय तसं सांगते. प्रकरणाच्या सुरुवातीलाच लिहा, की यातला काही भाग अमुक नियतकालिकात अमुक साली आलाय. स्वतःचं लिखाणही संदर्भ न देता पुन्हा वापरणं योग्य नाही, असं यूजीसीने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलंय. मी तशा तळटीपा दिल्या होत्या, म्हणून सरांना प्रमाणपत्र देताना अडचण आली नाही. संदर्भयादीचं शीर्षक सॉफ्टवेअरला ओळखता येईल असं साधं ठेवा. आमच्या विभागात 'लिटरेचर कन्सल्टेड' लिहायची पद्धत आहे, ते त्याला कळलंच नाही. पूर्ण रंगीत रिपोर्ट मागून घ्या, नुसतं पहिलं पान नको.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : कच्चा मसुदा कुठे तपासून घ्याल तर तो सॉफ्टवेअरच्या साठ्यात ठेवू नका असं तिथल्या लोकांना आधीच बजावा. ओळखीच्या एका संशोधकाने मित्राच्या कॉलेजात हौसेने तपासून घेतला. आता विद्यापीठाच्या रिपोर्टात त्याचा प्रबंध त्याच्याच मसुद्याशी जवळजवळ शंभर टक्के जुळतोय. माझ्या अर्जाची प्रत मी त्याला पाठवली आहे. त्यात पानांचे क्रमांक तेवढे बदलायचे.