निविदा का काढली नाही? विद्यापीठाचे तंत्रज्ञान उद्योगाला देताना आलेला माझा अनुभव

विद्यापीठातील संशोधनाचे पेटंट मिळवणे फार अवघड असते, असे आपल्याकडे सर्वत्र ऐकू येते. पेटंट मिळाल्यानंतर ते तंत्रज्ञान एखाद्या कारखान्याच्या हाती रीतसर सोपवणे किती अवघड आहे, याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. राज्यातील एका सार्वजनिक विद्यापीठात मी रसायनशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षे तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. या काळात आमच्या एका तंत्रज्ञानाची फाइल वित्त विभागात एकाच शेऱ्यापायी जवळजवळ वर्षभर अडून राहिली. शेरा असा होता: ‘सदर तंत्रज्ञान निविदा न काढता एकाच कंपनीस देण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.’

तंत्रज्ञान होते भूजलातील फ्लोराइड काढणाऱ्या दाण्यांचे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे मोठ्यांची हाडे व सांधे धरतात. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचे गाळणी-संच हा यावरचा जुना उपाय आहे. मात्र ते ठरावीक काळाने कॉस्टिक सोडा आणि आम्लाने धुऊन पुन्हा कार्यक्षम करावे लागतात, गावात हे काम करणारे कोणी नसते, आणि संच तसाच बंद पडून राहतो. आमच्या एका सहकाऱ्यांनी आणि त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने तयार केलेले दाणे बरेच अधिक काळ चालतात. हे काम कपाटात राहू नये, अशी माझी मनापासून इच्छा होती.

पेटंटचा टप्पा सुरळीत पार पडला. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज, त्यानंतर बारा महिन्यांच्या आत संपूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचे पूर्ण वर्णन, परीक्षणाची मागणी, मग शोध खरोखर नवा आहे का आणि तो सहज सुचण्याजोगा तर नाही ना, असे आक्षेप घेणारा परीक्षण अहवाल, त्याला उत्तर, एक ऑनलाइन सुनावणी, आणि मंजुरी. सप्टेंबर २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळत असल्यामुळे शुल्काचा प्रश्नही उद्भवला नाही. त्यातच एक चांगली कंपनी स्वतःहून पुढे आली. घरगुती गाळणीसाठी तिला पाच वर्षांचा एकाधिकार परवाना हवा होता. सुरुवातीला एकरकमी फी आणि पुढे निव्वळ विक्रीवर ठरावीक टक्के स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) देण्याची तिची तयारी होती. साचे बनवणे, पाण्याच्या चाचण्या आणि प्रमाणीकरण हा सगळा खर्च तिलाच करायचा होता. असा खर्च केल्यावर वर्षभरात दुसऱ्या कोणालाही तेच तंत्रज्ञान मिळणार असेल, तर कोणती कंपनी पैसे घालेल?

हेच मी टिपणीत लिहिले होते, आणि त्यावरच तो शेरा आला. मी उत्तर दिले, तेव्हा फाइल खरेदी विभागाकडे पाठवण्यात आली, कारण निविदेचा विषय त्यांचा. खरेदी विभागाने तीन दरपत्रके जोडण्यास सांगितले. विद्यापीठ येथे काही विकत घेत नाही, हे समजावल्यावर फाइल भांडार विभागाकडे गेली. तेथील नियमावलीत विद्यापीठाची मालमत्ता बाहेर देण्याची एकच रीत होती, ती म्हणजे वस्तू निर्लेखित करून, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढून, तिचा लिलाव करणे. तेथून ती पुन्हा वित्त विभागात आली आणि नवी अट पडली, की तंत्रज्ञानाचे मूल्यांकन शासनमान्य मूल्यांकनकाराकडून करून आणावे. ज्यांची नावे मला देण्यात आली, ते जमिनीचे आणि इमारतींचे मूल्यांकन करणारे होते. दरम्यान कंपनीचे अधिकारी अत्यंत सौजन्याने विचारत राहिले, आणि प्रत्येक वेळी ‘फाइल प्रक्रियेत आहे’ एवढेच उत्तर देणे मला भाग पडले. त्या काळातला माझा संताप आजही पूर्ण शमलेला नाही. टिपणीतील माझ्या एकाही मुद्द्याला कोणी चूक म्हटले नाही. केवळ सही करायला कोणी तयार नव्हते.

यामागचे कारण मला हळूहळू उमगले. उद्या लेखापरीक्षणात ‘सार्वजनिक पैशांतून झालेले संशोधन एका खासगी कंपनीच्या घशात का घातले?’ असा परिच्छेद निघाला, तर तो सही करणाऱ्याच्या नावावर निघणार, ही भीती खरी आहे आणि मी ती क्षुल्लक मानत नाही. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यामुळे सरकारी अनुदानातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येते आणि त्याचे परवाने देता येतात, त्यामुळे तेथील अधिकाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा असतो. आपल्याकडे त्याच धर्तीचे विधेयक २००८ च्या डिसेंबरमध्ये राज्यसभेत मांडले गेले, ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये मागे घेण्यात आले. त्यामुळे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या स्वतःच्या बौद्धिक संपदा धोरणाचाच आधार घ्यावा लागतो. आमच्या धोरणात शोधकांचा वाटा किती, हे नीट लिहिलेले होते. परवाना कोणाला, कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या मान्यतेने द्यायचा, यावर एक ओळही नव्हती. आपल्या विद्यापीठाचे धोरण आज उघडून पाहावे आणि हे कलम नसेल, तर कोणतेही तंत्रज्ञान हाताशी नसतानाच ते मंजूर करून घ्यावे. एखाद्या कंपनीचे नाव समोर असताना केलेल्या दुरुस्तीकडे सगळेच संशयाने पाहतात.

शेवटी तीन गोष्टींनी मार्ग निघाला. पहिली म्हणजे आम्ही निविदेऐवजी स्वारस्य अभिव्यक्तीची, म्हणजे इच्छुक कंपन्यांनी पुढे यावे अशी, जाहीर सूचना संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांत दिली. त्यात तंत्रज्ञानाचे वर्णन आणि पेटंट क्रमांक दिला, आणि इच्छुकांकडून केवळ उत्पादन आराखडा मागितला. सर्वाधिक रकमेला पसंती, असे त्यात कोठेही लिहिले नाही, कारण जास्त फी देऊन तंत्रज्ञान दाबून ठेवणाऱ्यापेक्षा कमी फी देऊन ते गावागावांत पोचवणारा विद्यापीठाला हवा असतो. दुसरी म्हणजे छाननी समितीत बाहेरचे एक सनदी लेखापाल आणि पेटंट एजंट घेतले, आणि फीचा आकडा कसा काढला हे त्यांच्या सहीने फाइलवर आणले. मूल्यांकनाची अट त्यामुळे गळून पडली. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आम्ही एकाधिकार घरगुती गाळणीपुरताच दिला आणि ग्रामपंचायतींच्या सामूहिक संचांसाठीचा परवाना इतरांनाही मिळू शकेल, असे करारात स्पष्ट केले. शिवाय दोन वर्षांत उत्पादन बाजारात आले नाही, तर एकाधिकार आपोआप संपेल, हे कलम घातले. कंपनीने ते तत्काळ मान्य केले. या कलमामुळेच वित्त विभागाची भीती दूर झाली, आणि व्यवस्थापन परिषदेत ठराव चर्चेविना मंजूर झाला. ज्या सहीसाठी ऋतूमागून ऋतू गेले, ती अखेर झाली, त्या दुपारी मला झालेला आनंद पेटंट मंजूर झाल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता.

अशा फाइलला केवळ पत्रांचे आधार पुरत नाहीत. धोरणांच्या प्रती जोडाव्या लागतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे २०१९ चे राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण उच्च शिक्षण संस्थांसाठीच आहे. ते पहिल्या टिपणीलाच जोडावे. तोंडी चर्चेत सर्वजण सहमत होतात, म्हणून प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी पाठवावे.

याच ओघात आठवलेली आणखी एक गोष्ट अगदी सुरुवातीच्या टप्प्याची आहे. विद्यार्थ्याचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहावर, चढण्यापूर्वी किंवा परिषदेत शोधनिबंध वाचला जाण्यापूर्वी प्रोव्हिजनल अर्ज दाखल झालेलाच हवा. शोध आधी जाहीर झाल्यावरही अर्ज करू देणारा कायद्यातील सवलतीचा काळ मोजक्याच प्रसंगांना लागू होतो, त्यावर विसंबून राहू नये. पीएचडी पूर्ण झालेली मुले पुण्याहून थेट जर्मनीला किंवा कोरियाला जातात, म्हणून शोधक या नात्याने त्यांच्या सह्या आणि विद्यापीठाच्या नावे हक्क हस्तांतरणाचे पत्र ती प्रयोगशाळेत असतानाच घ्यावे. शोध वनस्पतीवर किंवा सूक्ष्मजीवावर आधारलेला असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा टप्पाही पेटंट मंजूर होण्यापूर्वी पार करावा लागतो. आमचे दाणे खनिजांचे असल्यामुळे आम्हाला तो लागला नाही.

पैसे जमा होताना दोन प्रश्न हमखास येतात. परवाना फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ‘विद्यापीठाला कर नाही’ असे सांगणारे शिक्षणशुल्काच्या सवलतीविषयी बोलत असतात, आणि ती येथे लागू नसते. करारात फीची रक्कम ‘कर वगळून’ असल्याचे लिहिले नाही, तर कर विद्यापीठाच्या हिश्शातून जातो. दुसरा प्रश्न लेखाशीर्षाचा, म्हणजे हिशेबात रक्कम कोणत्या नावाखाली दाखवायची याचा आहे. शोधकांचा वाटा ‘मानधन’ या शीर्षाखाली टाकला की त्याला मानधनाची कमाल मर्यादा लागते, म्हणून त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष अर्थसंकल्पातच उघडून घ्यावे. आमच्या विद्यार्थिनीचा वाटा या कारणाने अनेक महिने थांबला होता, आणि तिने एकदाही तक्रार केली नाही, याचे मला फार वाईट वाटले. आता ती रक्कम तिच्या खात्यात पोचली आहे.

करारावर सह्या झाल्यावर काम संपल्यासारखे वाटते, पण परवान्याची नोंद पेटंट नोंदवहीत होणे आवश्यक असते आणि त्यासाठी नमुना १६ भरावा लागतो. पेटंटचा प्रत्यक्ष वापर होत असल्याचे निवेदन नमुना २७ मध्ये द्यावे लागते. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीपासून ते दरवर्षी न देता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचे असते. इतक्या अंतराने येणारी तारीख कक्षप्रमुख बदलला की विसरली जाते, म्हणून आम्ही ती कुलसचिव कार्यालयाच्या वार्षिक दिनदर्शिकेत टाकून घेतली आहे. सध्या कृषी-यंत्रासंबंधीच्या दुसऱ्या एका तंत्रज्ञानाची फाइल चालू आहे, आणि या वेळी स्वारस्य अभिव्यक्तीची सूचना आम्ही पहिल्या टिपणीसोबतच वित्त विभागाकडे पाठवली आहे.