बधिर करंगळी आणि उंच मॉनिटर

मनगटाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, बांधूनच एक गृहस्थ फिजिओथेरपीला आले. पन्नाशी उलटलेली, काम हिशेबाचं, दिवसभर संगणकापुढे. डाव्या हाताला मुंग्या येतात म्हटल्यावर कुणीतरी ‘कार्पल टनेल’, म्हणजे मनगटात नस दबण्याचा त्रास, सुचवलं होतं. स्प्लिंट झाला, जेलचं पॅड झालं, फरक शून्य.

मुंग्या कुठल्या बोटांना? करंगळी, आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू. स्प्लिंट तिथंच बाद. कार्पल टनेलमध्ये दबते ती मीडियन नस. तिच्याकडे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू. करंगळी अल्नर नसेची. तीही मनगटात दबू शकते, पण मग हाताच्या पाठीवरची करंगळीखालची त्वचा शाबूत राहते, कारण तिथली शाखा मनगटाच्या बरीच आधी फुटते. यांची तीही बधिर होती. बधिरपणा कोपराच्या दिशेने वर चढला असता तर मानेचा संशय घेतला असता. राहिलं कोपर. ते पूर्ण वाकवून मिनिटभर धरायला लावलं आणि मुंग्या सुरू झाल्या.

अंगठा आणि तर्जनीत धरलेला कागद ओढून पाहिला. अंगठ्याचं पेर वाकलं नाही, म्हणजे ताकद टिकून होती. ते वाकलं असतं किंवा त्या दोन बोटांमधला मांसल भाग खोलगट दिसला असता, तर टेबल-खुर्चीचा विषयच न काढता आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं असतं.

“पण कोपराला काही लागलंच नाही हो!” खरंच लागलं नव्हतं. त्यांची बसायची जागा बघितली तेव्हा उलगडा झाला. चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे जवळचं दिसतं ते काचेच्या खालच्या भागातून. मॉनिटर मात्र स्टँडवर चढवलेला, वरची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत. सरसकट सांगितला जाणारा हा नियम अशा चष्म्याला लागू पडत नाही. आकडे वाचायला ते हनुवटी वर करत, मान अवघडली की पुढे झुकत आणि सगळा भार टेबलाच्या कडेवर टेकलेल्या डाव्या कोपरावर. तिथं आतल्या हाडामागे ही नस जवळजवळ कातडीलगत असते. वर कोपर वाकलेलं, म्हणजे ताणही आलाच.

स्टँड काढला. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेखाली 8-10 सेंमी गेली, स्क्रीन किंचित मागे कलवली, अक्षरं 125 टक्के केली. खुर्चीचे हात टेबलाला अडत होते, म्हणून ते लांब बसायचे. हात खाली उतरवले आणि खुर्ची आत सरकली. कोपरं टेबलाच्या पातळीला येईपर्यंत सीट वर घेतली, मग पाय लोंबकळले म्हणून पायाखाली पाट. (सीट वर घेऊन पाट विसरणारे खूप भेटतात, मांडीच्या मागे सीटची कड रुतते आणि नवीच तक्रार सुरू होते.) रात्री कोपर मुडपून झोपायची सवय होती, त्यावर उपाय म्हणून कोपराभोवती टॉवेलची सैलसर गुंडाळी.

आधी रात्रीच्या मुंग्या थांबल्या. करंगळीच्या टोकाला मात्र वेळ लागला, मोकळी झालेली नसही सावकाशच सुधारते. चष्म्याचा पुढचा नंबर काढायला जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या, असं त्यांना सांगितलं. त्या मापाचा, फक्त संगणकापुरता वेगळा चष्मा करून मिळतो.