कोंबडीएवढे

रविवार, रात्री साडेदहा. दादर.

मेलबर्नहून येऊन आठ दिवस झाले, एक बॅग अजून पलंगाखाली तशीच आहे. सकाळी शेजारच्या काकू आल्या. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच, "पेंग्विनचे फोटो दाखव बघू." फोटो नाहीत म्हटल्यावर आम्ही गेलोच नव्हतो की काय, असं त्यांनी पाहिलं. तिथे फोटो काढूच देत नाहीत, फ्लॅशने ते बिचकतात, हे मी दोनदा सांगितलं.

नणंदेने गाडीने फिलिप आयलंडला नेलं होतं. मेलबर्नपासून १४० किलोमीटर, म्हणजे जवळपास दादर-पुणे. दिवाळीची सुट्टी म्हणजे तिकडे वसंत, तरी वाऱ्याने दात वाजत होते. सासूबाई शाल, स्वेटर आणि वर नणंदेचं जॅकेट अशा पायरीवर बसलेल्या. अंधार पडायला आठ वाजून गेले. उजेडात ते किनाऱ्यावर येतच नाहीत, गरुडबिरुड झडप घालतात म्हणून.

मग लाटेच्या फेसात काहीतरी पांढरं चमकलं. पोटं. दहा-बारा जण उभे राहिले, चार पावलं चालले, शेजारचा सीगल जरा हलला आणि सगळेच्या सगळे वळून परत पाण्यात. पुन्हा आले, पुन्हा पळाले. तिसऱ्यांदा एकटाच पुढे निघाला. वाळूच्या मध्यावर गेल्यावर मागे कोणी नाही हे त्याच्या लक्षात आलं. असा काही धावत सुटला मागे! आई म्हणाल्या, "प्लाझापाशी रस्ता ओलांडताना माझं अस्संच होतं गं." पुढच्या रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली, इतके आम्ही हसलो.

शेवटी गेले एकदाचे, पोटात पिल्लांसाठी मासे घेऊन, डुलत, थांबत. लाकडी पुलावरून परतताना एक अगदी पायाशी दिसला. पाठ काळी नाही, निळी, ओल्या शाईसारखी. आणि बिळांतून काय तो कलकलाट!

मुलीच्या डोक्यात राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन होते, २०१६ साली आणलेले. हे त्यांच्या निम्मे. उंची फूटभर, वजन किलोभर. बाजारात गावठी कोंबडीसुद्धा जास्त भरते.

मला मात्र दुसरंच काहीतरी डोक्यात बसलंय. त्या किनाऱ्यामागे पूर्वी बंगल्यांची वसाहत होती. १९८५ मध्ये तिथल्या सरकारने ती सगळी विकत घ्यायचं ठरवलं आणि २०१० पर्यंत एकेक घर काढून जागा पक्ष्यांना दिली. पंचवीस वर्षं! आमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाची आठवी मीटिंग परवा झाली. मी नवऱ्याला म्हटलं, आपल्याकडे पेंग्विन असते तर त्यांना आधी ट्रान्झिट कॅम्पात पाठवलं असतं.

निघताना पार्किंगमध्ये पाटी होती: गाडीखाली पेंग्विन नाही ना, बघून घ्या. नवरा गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात बघत होता आणि मुलगी दुसऱ्या बाजूने. नव्हता. मुलगी हिरमुसली.

काकूंना शेवटी आईंनीच समजावलं. जमिनीपासून तळहात वर धरला, "एवढाच. कोंबडीएवढा." मग जरा विचार करून हात आणखी खाली घेतला.

नवरा पेपराआडून म्हणाला, "आई, गुरुवारी याहून उंच होता."