सगळीच सूज हायड्रोसील नसते
आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हत्तीरोग जुनाच आहे, त्यात अंडही सुजते, आशाताई दरवेळी घरोघरी गोळ्या घेऊन येतात, त्यामुळे कोणाचं अंड सुजलं की गावात एकच निदान, "हायड्रोसील आहे बे, कापूस निघाला की ऑपरेशन करून घेजो". बहुतेक वेळा ते खरंही निघते. पण माझ्या पंचविशीतल्या मावसभावालेही सगळ्यांनी हेच सांगितलं अन् त्याची गाठ निघाली कॅन्सरची, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

हायड्रोसीलमध्ये अंडाभोवतीच्या पिशवीत पाणी भरते, अंधारात मोबाईलचा टॉर्च मागून लावला की सूज लालसर उजळते. मांसाच्या गाठीतून उजेड येत नाही. पण टॉर्चवर भरोसा ठेवून बसू नका, कारण कॅन्सरच्या गाठीभोवतीही कधी कधी पाणी साचते! व्हेरिकोसील बहुतेक डाव्या बाजूला, उभं राहिलं की फुगलेल्या शिरांचा गुंता हाताला लागतो अन् आडवं झालं की कमी होतो. अंडाच्या वर-मागे वेगळी चाचपता येणारी मऊ गाठ बहुतेक पाण्याचीच असते. इन्फेक्शन असलं तर दुखते, ताप येते, लघवीला जळजळ होते.

कॅन्सरची गाठ अंडातच असते, कडक, बोटाने वेगळी करता येत नाही, अन् बहुतेकदा दुखतच नाही. भाऊ तेच म्हणे, दुखत तर नाही ना, मग कायले जाऊ दवाखान्यात? हा आजार 15 ते 40 वयातच जास्त दिसते, अन् लहानपणी ज्याचं अंड खाली उतरलं नव्हतं त्याले धोका जास्त. गरम पाण्याने आंघोळ झाली की बोटांनी हलकेच चाचपून पाहा, कडक काही लागलं तर सोनोग्राफी करा, सोबत रक्तात एएफपी, बीटा एचसीजी अन् एलडीएच या कॅन्सरचा माग लावणाऱ्या तपासण्या. गाठीत सुई मात्र कोणाला घालू देऊ नका, कॅन्सरचा संशय असला की ऑपरेशन जांघेतूनच करतात.

आणि एकदम जीव जाईल असं दुखलं तर अंडाला पीळ पडलेला असू शकतो, सकाळची वाट पाहू नका, 6 तासांच्या आत ऑपरेशन झालं तर अंड वाचण्याची आशा चांगली असते.

कॅन्सर लवकर सापडला तर 95 टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात, पसरला तरी सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाच्या किमोने बरेच जण उभे राहतात. मावशीले लग्नाचीच चिंता होती, पण दुसरं अंड चांगलं असलं तर लेकरं होतात, फक्त किमो सुरू व्हायच्या आधी वीर्य गोठवून ठेवायचं डॉक्टरले नक्की विचारा.