मालवणच्या पोवळ्यांना नांगराचा धोका

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा फक्त ३.१८. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड याच गाभ्यात येतात, म्हणजे जिथे सर्वाधिक जपायचं तिथेच पर्यटकांची वर्दळ.

पोराइट्स जातीचं घुमटासारखं पोवळं वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतं. माणसाच्या डोक्याएवढा गोळा व्हायला दहाएक वर्षं लागतात. होडीच्या नांगराचा फाळ तो एका फटक्यात फोडतो. त्याहून वाईट साखळी. वारा-प्रवाहाबरोबर होडी फिरली की तळावरची साखळीही फिरते आणि गोल पट्टा खरवडून काढते.

यावर उपाय म्हणजे कायमचा बोया, म्हणजे नांगर न टाकता होडी बांधायचा तरंगता गोळा. काँक्रीटचा जड ठोकळा खडकावर नव्हे, खडकांमधल्या वाळूत उतरवायचा. त्यापासून वर दोर, आणि दोराच्या मधोमध एक छोटा तरंगता गोळा. हा गोळा बऱ्याचदा खर्च वाचवायला गाळतात. मग ओहोटीला सैल पडलेला दोर तळावर घासतो आणि बोया असून नांगराचंच काम करतो. दोर भरतीच्या पातळीलाही पुरला पाहिजे. आखूड पडला तर लाटेसरशी हिसके बसून ठोकळाच सरकतो.

स्नॉर्केलिंगवाल्यांचं नुकसान दिसायला किरकोळ. पण पायातल्या फिनने (पोहायच्या वल्ह्यासारख्या चपलेने) उडालेला गाळ पोवळ्यांवर बसतो आणि तो झटकायला त्यांना चिकट स्राव सोडत बसावं लागतं. इथलं पाणी मुळात गढूळ, त्यात ही भर. दमल्यावर खडकावर उभं राहणं तर सरळ तुडवणंच. लाइफ जॅकेट घालून तरंगत दम घ्यावा. माशांना बिस्किटं नकोतच.

स्थानिक मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध जुना आहे, आणि तो अडाणीपणाचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २६-अ प्रादेशिक समुद्रातल्या अभयारण्याबाबत स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायला सांगतं. ही तरतूद आली १९९१च्या दुरुस्तीत, म्हणजे मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी.

म्हणून बोयाची जागा ठरवताना तांडेलांना (होडीच्या म्होरक्यांना) आधी विचारावं: जाळी कुठे पसरतात, वाळू कुठे टिकते, कुठली पावसाळ्यात वाहून जाते. ठोकळ्याची जागा जीपीएसवर नोंदवावी. मे संपण्याआधी बोया आणि दोर काढून घ्यावेत. ठोकळा तिथेच राहतो.