धुक्यात रद्द झालेली इंदूर-दिल्ली फ्लाइट आणि एजंटकडे अडकलेला रिफंड : माझा अनुभव

धुक्यामुळे फ्लाइट रद्द झाली याचा मला राग नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं पडतं हे इंदूरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. राग आहे तो नंतर रिफंडसाठी जो खो-खो चालला त्याचा.

आधी एक गल्लत दूर करतो, कारण काउंटरवरचे लोकही ती करतात. भरपाई वेगळी, रिफंड वेगळा. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था, तिच्या नियमात (सीएआर, सेक्शन ३, सीरिज एम, पार्ट ४) ऐनवेळी फ्लाइट रद्द केली तर भरपाई ठरवून दिलेली आहे. गेट ते गेट एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००; किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क. दोन्हींतलं कमी ते मिळतं. इंदूर-दिल्ली साधारण दीड तास, म्हणजे मधला टप्पा. कारण हवामान किंवा एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) असेल तर ही भरपाई मिळत नाही. पण तिकिटाचे पैसे किंवा दुसरी फ्लाइट, यांतलं प्रवाशाला हवं ते कंपनीला द्यावंच लागतं. “वेदर है सर, कुछ नहीं मिलेगा” हे ऐकून विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीच्या पायथ्यापासून रिक्षानं घरी परतणारे बरेच असतात. परतू नका, निदान लेखी कारण घेतल्याशिवाय तरी नाही.

इंदुरात लख्ख ऊन आणि विमान उभं, हे बघून लोक चिडतात. तिथे मात्र मी कंपनीच्या बाजूनं बोलेन. आयएलएस, म्हणजे कमी दृश्यतेत रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीवर आणणारी यंत्रणा, तिच्या कॅट-वन दर्जावर उतरायला आरव्हीआर, म्हणजे धावपट्टीलगतच्या यंत्रानं मोजलेलं दृश्य अंतर, किमान ५५० मीटर लागतं. कॅट-टूला ३०० पुरतं. दिल्लीत कॅट-थ्री बी असल्यामुळे ५० मीटरपर्यंत उतरता येतं, पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक सगळेच त्या दर्जाचे हवेत. म्हणूनच धुक्यात छोटी टर्बोप्रॉप (पंख्याची) विमानं आधी गळतात. डीजीसीए १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा धुक्याचा काळ धरते आणि त्यात दिल्लीला कॅट-थ्रीवाले वैमानिक लावायला लावते. तरीही धावपट्टीची क्षमता घटतेच. पुढचं विमान आयएलएसच्या लहरींच्या आड येणार नाही इतकं बाजूला गेल्याशिवाय मागच्याला उतरू देत नाहीत, त्यामुळे दोन विमानांतलं अंतर वाढवावं लागतं. मग दिल्लीच्या एटीएफएम (हवाई वाहतुकीचा ओघ सांभाळणाऱ्या) केंद्राकडून इंदूरच्या विमानाला सीटीओटी, म्हणजे उडण्याची ठरलेली वेळ येते. तिच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत उडालं तर ठीक, नाहीतर नवी वेळ. दिल्लीवर घिरट्या घालत इंधन जाळायचं आणि शेवटी जयपूरला वळायचं, त्यापेक्षा इंदुरातच थांबलेलं बरं.

आता अडलेली जागा.

माझं तिकीट ओळखीच्या एजंटकडून होतं. एजंटनं ते स्वतः कंपनीकडून काढलं नव्हतं, एका बी-टू-बी, म्हणजे एजंटांनाच तिकिटं विकणाऱ्या, पोर्टलवरून काढलं होतं. इंदुरातले बहुतेक छोटे एजंट असंच करतात. म्हणजे पैसे परत येताना कंपनीकडून पोर्टलच्या वॉलेटमध्ये, तिथून एजंटच्या खात्यात, तिथून आपल्याकडे. कंपनीचा कॉल सेंटरवाला म्हणे, पैसे एजंटला पाठवले. एजंट म्हणे, आलेच नाहीत. पोर्टल तर प्रवाशाशी बोलतच नाही, त्यांचा ग्राहक एजंट. प्रत्येकजण आपापल्या परीनं खरं बोलत होता, आणि त्यामुळेच गाडं हलत नव्हतं.

खरी भानगड पुढे कळली. फ्लाइट लांबत चालली होती तेव्हाच एजंटच्या दुकानातल्या पोरानं घाईघाईत पोर्टलवर साधं ‘कॅन्सल’ दाबलं. त्या क्षणी कंपनीच्या सिस्टिममध्ये फ्लाइट ‘डिलेड’ होती, ‘कॅन्सल्ड’ नव्हती. त्यामुळे नोंद झाली व्हॉलंटरी, म्हणजे प्रवाशानं आपणहून रद्द केल्याची. कॅन्सलेशन चार्ज कापला गेला, उरलेली किरकोळ रक्कम आणि विमानतळाचे कर वॉलेटमध्ये पडले. कंपनीच्या लेखी रिफंड झालेला होता! पूर्ण पैसे हवे असतील तर हीच नोंद इनव्हॉलंटरी व्हायला हवी, आणि ती एजंट बदलू शकत नाही. ती कंपनीचा रिफंड विभागच बदलतो, कॉल सेंटरवाला नाही.

म्हणून पहिलं सांगणं : फ्लाइट लांबतेय म्हणून स्वतः रद्द करू नका, एजंटलाही करू देऊ नका. कंपनीनं रद्द केल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा. उशीर सहा तासांपलीकडे जाणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड हा पर्याय नियमातच आहे. मेसेजमधल्या लिंकवर ‘दुसरी फ्लाइट स्वीकारा’ हे बटण ठळक असतं आणि रिफंडचं बारीक. पहिलं चुकून दाबलं की पुढचा सगळा वाद आपल्यावर येतो.

कोंडी फुटली ती फोननं नाही, ईमेलनं. कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याचा पत्ता तिच्या वेबसाइटवर द्यावा लागतो, तो शोधा. ईमेलमध्ये गाऱ्हाणं कमी आणि प्रश्न नेमके : कोणत्या एजन्सी आयडीला, कोणत्या तारखेला, किती रक्कम परत केली? चार्ज कापला असेल तर कोणत्या आधारावर? सोबत कंपनीचा सहा अक्षरी पीएनआर द्या. एजंटच्या बिलावरचा बुकिंग आयडी वेगळा असतो, तो कंपनीकडे सापडत नाही आणि “नो रेकॉर्ड” म्हणून तक्रार बंद होते. रक्कम आणि तारीख लेखी हातात आल्यावर एजंटची “आलेच नाहीत” ही टेप थांबली. फरकाची रक्कम मिळवायला मात्र त्याच्या वरच्या अपिलेट अधिकाऱ्यापर्यंत जावं लागलं. तिथे डीजीसीएच्या त्याच सीरिज एममधल्या, रिफंडबद्दलच्या पार्ट २ मधलं कलम कामी आलं : तिकीट एजंटकडून घेतलेलं असलं तरी रिफंडची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी. हे वाक्य जसंच्या तसं लिहा, त्यानं सूर बदलतो. त्याच नियमाप्रमाणे पैसे क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, ठेवायचे की नाही हे प्रवासी ठरवतो. विचारल्याशिवाय शेलमध्ये टाकले तर सरळ नकार कळवा.

पुरावे त्याच दिवशी गोळा करा. फ्लाइट स्टेटसचं पान थोड्याच दिवसांत गायब होतं, स्क्रीनशॉट घ्या. फ्लाइटरडार२४ वर फुकटात साधारण आठवडाभराचाच इतिहास दिसतो. भरपाईसाठी भांडायचं असेल तर दिल्लीचा त्या वेळचा मेटार, म्हणजे अर्ध्या तासानं निघणारी हवामान नोंद, जपून ठेवा. पहाटेच्या धुक्याचं कारण रात्रीच्या फ्लाइटला लावलं जातं. एकच विमान दिवसभर फेऱ्या मारतं, सकाळचा उशीर साचत जातो आणि संध्याकाळी क्रूची ड्युटीची वेळ संपते, हे खरं आहे. पण नियमात सूट आहे ती हवामानाशी स्पष्टपणे जोडता येणाऱ्या कारणाला. क्रू कमी पडला हे त्यात बसतं का, हा प्रश्न लेखी विचारण्यासारखा आहे.

एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकताना वर्ग ‘रिफंड’ निवडा. ‘फ्लाइट’ निवडलं की “हवामानामुळे रद्द” एवढं एका ओळीचं उत्तर येतं आणि तक्रार मिटते. तिथेही नाही जमलं तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदुरातच, दावा करता येतो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं.

अजून एक राहिलंच. बुकिंगमध्ये मोबाइल नंबर आपला आहे ना, हे तिकीट हातात आल्या आल्या तपासा. एजंट सवयीनं स्वतःचा टाकतात. रद्द झाल्याचा मेसेज मग दुकानात वाजतो, आणि संपर्काचा नीट तपशील न दिलेल्या प्रवाशाला भरपाई नाही असंही नियमात लिहिलेलं आहे. दिल्लीहून पुढची फ्लाइट वेगळ्या पीएनआरवर असेल तर तिचे पैसे इंदूरवाली कंपनी देत नाही. धुक्याच्या दिवसांत दोन्ही एकाच पीएनआरवर काढा, थोडं महाग पडलं तरी.