दुसरी प्रणाली बसवण्यापूर्वी डिस्कची आवराआवर

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मामांच्या लॅपटॉपवर गेल्या रविवारी मी विंडोजच्या जोडीला उबुंटू ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली बसवली. डिस्कवर सी, डी आणि ई अशी तीन पार्टिशने, म्हणजे डिस्कचे स्वतंत्र भाग, होती. ई मध्ये घरातील लग्नकार्यांची छायाचित्रे असल्यामुळे प्रथम ती बाहेरच्या डिस्कवर उतरवली आणि त्यांतील काही उघडूनही पाहिली, कारण न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे मला मान्य नाही.

विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनात शेजारशेजारची डी आणि ई काढून टाकताच त्यांची जागा आपोआप एकत्र होऊन ‘अनअलोकेटेड’ (कोणत्याही पार्टिशनला न दिलेली) दिसू लागली. ती तशीच ठेवावी; उबुंटूचा इन्स्टॉलर तेथे स्वतः एक्स्ट४ (लिनक्सची फाइली साठवण्याची पद्धत) पार्टिशन करतो. मात्र हीच जागा सी ला जोडायची असेल, तर ती सी च्या लगेच उजवीकडे असावी लागते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीच्या साधनांचे) आल्यास ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पार्टिशन वाढवण्याचा पर्याय निवडताच येत नाही.

शंभर-दोनशे एमबीचे ईएफआय पार्टिशन निरुपयोगी वाटून पुसण्याचा मोह होतो, पण संगणक सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या फाइली तेथेच असतात आणि दोन्ही प्रणाली ते सामायिकपणे वापरतात. त्याला हात लावू नये.

विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ही आधीच बंद केले, कारण ते चालू असताना संगणक पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून सी वर लिहिणे धोक्याचे ठरते. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कूटबद्ध करणारी विंडोजची सोय, चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून मगच पुढे जावे.